जिनिंगच्या शेडमध्ये फूड हॉल काढायचाय? आधी मंगळवारचा हिशोब करा

प्रश्न थोडक्यात असा आहे की जळगावात हायवेच्या बाजूला वडिलोपार्जित जिनिंगची, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याची, बंद पडलेली शेड आहे, आठेक हजार स्क्वेअर फूट, पुढे मोठं आवार, आणि दोघा भावांना तिथे पुण्या-मुंबईत बघितला तसा फूड हॉल करायचाय, म्हणजे एका छताखाली वेगवेगळे खाण्याचे स्टॉल आणि मधे सगळ्यांची मिळून बसायची जागा. २० स्टॉल, प्रत्येकी महिना २५ हजार भाडं, सगळीकडे एसी, मधे गाण्याबजावण्याला स्टेज. चालेल का?

सरळ सांगतो भाऊ, या आकड्यांवर नाही चालणार. शेड चांगली आहे, जागा चांगली आहे, कल्पना पण वाईट नाहीये, पण २० स्टॉल आणि २५ हजार हे दोन आकडे आधी कागदावरून खोडा, मग पुढे बोलू. मी आधी स्वतः शेवभाजीचा स्टॉल चालवला, आता नाशिकपासून भुसावळपर्यंत लोकांची किचन बसवून देतो, फूड कोर्टची कामं पण केली, त्यामुळे खाली जे लिहितोय ते स्टॉलवाल्याच्या बाजूनं आणि जागामालकाच्या बाजूनं, दोन्हीकडून लिहितोय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, बाहेरचे जे फूड हॉल आपण मोबाईलवर बघतो ते नेमके कशावर चालतात. लिस्बनच्या जुन्या मंडईत २०१४ ला टाइम आउट मार्केट सुरू झालं, शहरातले नावाजलेले शेफ एका छताखाली आणले, मधे लांबलचक टेबलं, सगळ्या जगानं त्याची कॉपी केली. न्यूयॉर्कचं चेल्सी मार्केट तर तुमच्यासारखंच, जुनी बिस्किटाची फॅक्टरी, १९९७ ला त्याचं मार्केट झालं. दिसायला भारी आहे सगळं. पण तिथला पैसा येतो कुठून? एक तर टुरिस्ट, दुसरं आजूबाजूच्या ऑफिसातली दुपारच्या जेवणाची गर्दी, आणि तिसरं म्हणजे दारू. बऱ्याच ठिकाणी बार मालक स्वतःकडे ठेवतो, स्टॉलवाल्यानं फक्त जेवण विकायचं, आणि खरा मार्जिन त्या बारमध्ये असतो. एवढं सगळं असून सुद्धा त्याच टाइम आउटचं मायामीचं मार्केट २०१९ ला उघडलं आणि २०२३ ला बंद झालं. म्हणजे नाव मोठं, शहर मोठं, तरी गॅरंटी नाही.

आता जळगाव बघा. टुरिस्ट अजिंठ्याला जाताना स्टेशनवर उतरतो आणि गाडी करून सरळ निघून जातो, आपल्याकडे जेवायला थांबत नाही. दुपारी ऑफिसवाला माणूस डबा आणतो नाहीतर घरी जाऊन जेवून येतो, घर पंधरा मिनिटांवर असतं, तो कशाला येईल हायवेला. आणि बार ठेवला तर फॅमिली येणार नाही, हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही. तिन्ही झरे इथे कोरडे आहेत. मग राहिलं काय तर संध्याकाळची फॅमिली गर्दी, ती पण शनिवार-रविवारची, आणि पार्सल. बस. एवढ्यावर काय उभं राहतं तेवढंच उभं करायचं.

स्टॉलवाल्याचा हिशोब मांडतो, कारण हॉल बंद पडतो तेव्हा तो एका दिवसात पडत नाही, आधी एकेक स्टॉलवाला गुपचूप शटर ओढून निघून जातो. भाडं २५ हजार, त्यावर १८ टक्के जीएसटी, झाले २९,५००. आणि हा जीएसटी त्याला परत मिळत नाही बरं का, कारण छोटा माणूस रजिस्टर्ड नसतो, आणि असला तरी रेस्टॉरंटचा ५ टक्केवाला जीएसटी बिना इनपुट क्रेडिटचा आहे, म्हणजे खर्चावर भरलेला जीएसटी त्यातून वजा करता येत नाही. एक आचारी आणि एक पोऱ्या, कितीही कमी धरा ३६ हजार. गॅस आणि लाइट मिळून १४ हजार. झाले ७९,५००. कच्चा माल, डिस्पोजेबल, वेस्टेज हे विक्रीच्या ४० टक्के धरलं तर हातात ६० टक्के राहतात, म्हणजे नुसता खर्च भागवायला महिन्याला साधारण १ लाख ३२ हजारांची विक्री पाहिजे, रोजचे ४,४००. यात त्याचा स्वतःचा पगार नाही, कर्जाचा हप्ता नाही. आता असे २० स्टॉल म्हणजे रोज ८८ हजारांचा गल्ला. माणशी १५० रुपये धरले तर रोज ५८०-५९० माणसं. रोज म्हणजे रोज, मंगळवारी पण, श्रावणात पण, मे महिन्यात ४४ डिग्रीत पण. शनिवारी तुमच्याकडे हजार लोक येतील हो, उद्घाटनाच्या महिन्यात तर उभं राहायला जागा मिळणार नाही, रील बनवणारी पोरं येतील, पण मंगळवारी संध्याकाळी सात वाजता दीडशे माणसं आली तरी खूप आली. ती दीडशे माणसं २० स्टॉलवर वाटली तर एकेकाच्या वाट्याला सात-आठ गिऱ्हाईक. आठ स्टॉलवर वाटली तर अठरा-एकोणीस. इथेच सगळा फरक आहे.

म्हणून आठ स्टॉल, फार तर दहा. आणि फिक्स भाडं नको, विक्रीतला हिस्सा घ्या. मी साधारण १५ ते १८ टक्के सुचवतो, त्यात लाइट-पाणी, टेबल पुसणं, भांडी धुणं हे तुमच्याकडे. वाईट महिन्यात तुमचं पण कमी होईल, चांगल्यात जास्त मिळेल, आणि मुख्य म्हणजे स्टॉलवाला टिकेल. हिस्सा घ्यायचा म्हणजे बिलिंग एका जागी पाहिजे, एकच सॉफ्टवेअर, एकच क्यूआर. इथे दोन गोष्टी सांभाळा. एक, पैसा तुमच्या खात्यात येतो म्हणून ती तुमची विक्री होत नाही, तुम्ही त्याच्या वतीनं गोळा करताय हे करारात स्पष्ट लिहा आणि सीएला विचारूनच लिहा, नाहीतर सगळ्या हॉलचा टर्नओव्हर तुमच्या अंगावर येतो. दोन, दर सोमवारी स्टॉलवाल्याचे पैसे द्या. एका ठिकाणी मी बघितलंय, मालकानं स्टॉलवाल्यांचे पैसे दोन-दोन महिने अडकवून ठेवले, त्यातून स्वतःच्या इंटिरियरची बिलं भागवली, आणि हळूहळू चांगले तिघे निघून गेले, मागे राहिले ते ज्यांना कुठे जायला जागा नव्हती. चांगला स्टॉलवाला पहिला जातो, हे लक्षात ठेवा.

आणि चांगला स्टॉलवाला यायला पण सहज तयार होत नाही. तो आत्ता रस्त्यावर गाडी लावतो, त्याला भाडं नाही, गिऱ्हाईक बांधलेलं आहे. एका भरीतवाल्या काकांना मी असंच विचारलं होतं तर ते म्हणाले, "दादा, इतलं भाडं कथाईन देऊ?" म्हणजे एवढं भाडं कुठून देऊ. बरोबरच आहे त्यांचं. सिंगापूरच्या हॉकर सेंटरचं उदाहरण सगळे देतात, २०२० मध्ये युनेस्कोच्या यादीत पण आलं ते, पण तिथे सरकारनं सत्तरच्या दशकापासून स्वतः इमारती बांधून रस्त्यावरचे विक्रेते आत नेले, जुन्या लोकांना सवलतीचं भाडं दिलं, नळ, गटार, बसायची जागा सगळं करून दिलं, तेव्हा कुठे तिथे स्वस्तात जेवण मिळतं. तुमच्या शेडला सरकार नाहीये. म्हणून दोन-तीन नामांकित लोकांना पहिलं वर्ष जवळपास फुकट बसवा, फक्त लाइट आणि गॅस त्यांचा. त्यांच्या नावावर गर्दी येते, बाकीचे पाच त्या गर्दीवर जगतात.

माझं विचाराल तर आपण लिस्बनकडे बघूच नये, इंदूरकडे बघावं. धुळ्याहून सेंधवामार्गे सरळ रस्ता आहे, आपली निम्मी माणसं तिथे लग्नाची खरेदी करायला जातातच. तिथल्या सराफा बाजारात दिवसा सोन्याची दुकानं, रात्री ती बंद झाली की त्याच दुकानांच्या पुढे खाण्याचे ठेले लागतात, मध्यरात्र उलटली तरी माणूस हलत नाही. जागेचा खर्च दिवसा कुणीतरी भरून टाकलेला असतो. आणि तिथलीच छप्पन दुकान ही खाण्याची गल्ली बघा, गाड्या बंद केल्या, चालायला फरशी, बसायला जागा, स्वच्छता, एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षेची सरकारी संस्था) क्लीन स्ट्रीट फूड हबचा शिक्का पण मिळालाय. वर छत नाही, एसी तर नाहीच, तरी गर्दी. तुमच्या आवाराचं हेच करायचं. शेड नंतर.

कारण शेडचं मला खरंच टेन्शन आहे. पत्र्याची शेड, मे महिना, आठ किचन चालू, आत काय होईल विचार करा. आठ हजार फूट आणि वीसेक फूट उंचीची जागा एसीनं गार करायची म्हणजे लाइटबिल बघून झोप उडेल. एसी विसरा. आपली हवा कोरडी आहे हे आपलं नशीब, डक्टिंगचे मोठे कूलर मार्च ते जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत मस्त काम करतात, वर पत्र्याला पांढरा हीट-रिफ्लेक्टिव्ह कोट आणि आतून इन्सुलेशन, छतावर वाऱ्यानं फिरून गरम हवा बाहेर काढणारे टर्बो व्हेंटिलेटर. पाऊस सुरू झाला की कूलर निरुपयोगी, तेव्हा फक्त मोठे पंखे आणि मोकळी हवा. उन्हाळ्यात दुपारी उघडूच नका, साडेपाचला उघडा, साडेअकराला बंद करा, सूर्य मावळला की आवारात पाणी मारून टेबलं बाहेर टाका. दुपार चालू ठेवून पगार आणि लाइट जाळण्यात काही अर्थ नाही.

आणि एक्झॉस्ट. हे कुणी सांगत नाही तुम्हाला, आर्किटेक्ट तर अजिबात नाही. पुण्याच्या फूड हॉलमध्ये पास्ता आणि सँडविच असतात, त्यांचा वास सुद्धा बाहेर येत नाही. आपल्याकडे एका स्टॉलवर काळ्या मसाल्याची तर्री, दुसऱ्यावर हिरव्या मिरचीचा ठेचा, तिसऱ्यावर फौजदारी डाळीची फोडणी, एकदा का लसूण-मिरचीचा तो ठसका निघाला की अख्खा हॉल खोकतो, लहान लेकरं रडायला लागतात, आणि ती फॅमिली परत येत नाही. म्हणून प्रत्येक चुलीवर हूड, सगळ्यांचं एकच मोठं डक्ट शेडच्या वर नेऊन सोडायचं, आणि जेवढी हवा बाहेर ओढली तेवढी ताजी हवा आत येईल असा ब्लोअर. तो ब्लोअर पैसे वाचवायला लोक काढून टाकतात आणि मग म्हणतात हूड ओढत नाही. कसा ओढणार, हवा येणार कुठून?

पाणी. आपल्या नळाला रोज पाणी येत नाही हे गृहीत धरूनच चला, बोअर आणि टाकी किती मोठी त्यावर ठरवा की स्टीलच्या प्लेटा वापरायच्या की नाही. मी स्टीलच्या बाजूचा आहे, कारण भरीत-भाकरी कागदी द्रोणात खाऊन समाधान होत नाही, आणि २०२२ च्या जुलैपासून सिंगल यूज प्लास्टिक देशभर बंद आहे, महाराष्ट्रात तर त्याच्याही आधीपासून, दंड झाला की तुमच्या नावावर. पण स्टील म्हणजे एक कॉमन भांडी धुण्याची खोली, गरम पाणी, दोन बायका आणि ग्रीस ट्रॅप, म्हणजे सांडपाण्यातलं तेल अडवणारी टाकी. ग्रीस ट्रॅप नसेल तर तर्रीचं तेल गटारात गोठून पहिल्या हिवाळ्यात सगळं तुंबणार.

गॅसचे सिलेंडर प्रत्येक स्टॉलखाली ठेवू देऊ नका, काहीही झालं तरी. बाहेर वेगळी गॅस बँक, १९ किलोचे कमर्शियल सिलेंडर, तिथून पाइपनं आत, प्रत्येक स्टॉलला वेगळा व्हॉल्व्ह, गळतीचा सेन्सर. जिनिंगची शेड आहे, कानाकोपऱ्यात, पत्र्याच्या सांध्यात, जुन्या वायरिंगवर वर्षानुवर्षाची रुई अडकलेली असते, ती आधी साफ करून घ्या, जुनी वायर एक फूट सुद्धा ठेवू नका. फायरची एनओसी घ्या आणि पुढे दर जानेवारी आणि जुलैला बी फॉर्म (आग विझवायची यंत्रणा चालू असल्याचा दाखला) भरावा लागतो, तो विसरू नका. एफएसएसएआयचं लायसन्स तुमच्या एकट्याचं चालत नाही, प्रत्येक स्टॉलचं वेगळं, आणि बिलावर त्याचा नंबर छापायचा. तळणाच्या तेलाचा पण नियम आहे, टोटल पोलर कंपाउंड, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापवल्यानं त्यात तयार होणारे खराब घटक, २५ टक्क्यांच्या वर गेले की तेल फेकायचं, २०१८ पासून आहे हा नियम. मोजायचं छोटं मीटर मिळतं, हॉलचं म्हणून एकच घ्या आणि रोज संध्याकाळी सगळ्या कढयांत बुडवून बघा. भजीवाला कुरकुर करेल, करू द्या.

आता मजेचा विषय, खायला काय ठेवायचं. तुमच्या यादीत पिझ्झा, मोमो, चायनीज, वॉफल, बर्गर, शोरमा आहे आणि शेवटच्या ओळीत "खान्देशी थाळी". उलटं करा. मोमो रिंगरोडला पण मिळतो. जळगावच्या भरीताच्या वांग्याला २०१६ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला, बामणोद गावची वांगी तर लोक दुरून ओळखतात, आणि तुम्ही त्याला शेवटच्या ओळीत टाकताय! नोव्हेंबर ते फेब्रुवारी आवारात एका कोपऱ्यात वाळक्या काटक्यांवर वांगी भाजा, सगळ्यांच्या समोर, लाकडी बडगीत ठेचा, शेंगदाणे, हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, सोबत कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी नाहीतर पुरी. गॅसवर भाजलेलं भरीत आपला माणूस पहिल्या घासाला ओळखतो आणि तोंड वाकडं करतो. धूर होतो म्हणून हे शेडच्या आत करूच नका. आणि किलोवर विका, भरीत सेंटरवाले विकतात तसं, किलोभर पार्सल म्हणजे खुर्ची न अडवता होणारा धंदा.

हॉलमध्ये पदार्थ असा पाहिजे की ऑर्डर दिल्यावर पाच-सहा मिनिटांत हातात येईल. शेवभाजी त्यासाठीच जन्मली आहे म्हणा ना, तर्री तयार, वरून शेव, झालं. वरण-बट्टी पण बसते, बट्ट्या आधी उकडून ठेवायच्या, ऑर्डरीला तुपात तळायच्या. पातोडीचा (बेसनाच्या वड्यांचा) रस्सा चालतो. डुबुक वड्यांचं (रश्श्यात सोडलेले बेसनाचे गोळे) मला जरा अवघड वाटतं, ठेवून ठेवून ते मऊ होतात. खापरावरची, म्हणजे उलट्या मातीच्या भांड्यावर भाजलेली पुरणपोळी म्हणजे तर तुमची स्टेजच आहे, गाण्याबजावण्याची गरज नाही, हातावर पोळी मोठी करत करत खापरावर टाकणारी मावशी समोर बसवा, पोरं मोबाईल काढून उभी राहतील. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपास आमरसासोबत ठेवा, माहेरवाशिणी आलेल्या असतात, घरात चार बायका असतात पण खापर पेटवायचा उत्साह कुणालाच नसतो. या मावशींना पगारावर ठेवू नका, पोळीवर पैसे द्या आणि चांगले द्या, कारण ही कला येणाऱ्या बायका आता कमी राहिल्यात.

नॉनव्हेज पहिलं वर्ष नको. माझा काही विरोध नाही, मी स्वतः खातो, पण जळगावात मारवाडी, जैन, लेवा, गुजराती फॅमिलीची टेबलं जातील ती परत आणता येणार नाहीत. धुळ्यात असतं तर मी वेगळं सांगितलं असतं. चायनीज एकच स्टॉल, आणि करारात मेन्यू लॉक करा, नाहीतर तिसऱ्या महिन्यात धंदा कमी झाला की डोसावाला मंचुरियन ठेवतो, पावभाजीवाला नूडल्स ठेवतो, आणि मग आठ स्टॉलवर एकच मेन्यू.

बारच्या जागी काय, तर पेय. हे मात्र तुमच्या स्वतःकडे ठेवा, कुणाला देऊ नका. चहा, पाणी बाटली, सोडा, उसाचा रस, लस्सी, मठ्ठा, केळीचा शेक, शेवटी पान आणि आइस्क्रीम. आपल्या उन्हात माणूस जेवण एक वेळ टाळेल, थंड टाळत नाही, आणि लिस्बनवाला जे बारवर कमावतो ते तुम्ही इथे कमवा. दुसरं, बाहेर पडताना एक छोटं दुकान ठेवा, इटलीच्या ईटाली नावाच्या खाद्यबाजारानं २००७ पासून हेच केलंय, खा पण आणि तेच सामान घरी पण न्या. बिबड्या (ज्वारीचे पापड), कळण्याचं पीठ, काळा मसाला, केळीचे वेफर्स, नंदुरबारची मिरची, बचत गटांकडून घ्या. पुण्या-मुंबईला परत जाणारा पाहुणा दिवाळीत आणि आखाजीला पिशव्या भरभरून नेतो.

बाकी पार्सलला रस्त्याच्या बाजूनं वेगळी खिडकी ठेवा, डिलिव्हरीची पोरं टेबलांच्या मधून हेल्मेट घालून फिरताना बरी दिसत नाहीत. स्टेजचे पैसे वाचवा, त्या जागेत पन्नास-साठ माणसांचा कोपरा करा, वाढदिवस, डोहाळजेवण, साखरपुडा, हे मंगळवार-बुधवारी स्वस्तात द्या. माझ्या मते आठवड्याच्या मधले दिवस भरायचा आपल्याकडे हाच एक खात्रीचा मार्ग आहे.

आणि हे सगळं करायच्या आधी, बँकेत जाऊ नका अजून. या दिवाळीनंतर कापसाचा पैसा बाजारात आला की शेडला हात न लावता फक्त आवारात सहा स्टॉल लावा, भाड्याचे मांडव, भाड्याच्या खुर्च्या, भाड्याचा जनरेटर, दोन मोबाईल टॉयलेट, परवानग्या तात्पुरत्या पण पूर्ण घ्या. फेब्रुवारीपर्यंत चालवा. रोज वहीत लिहा किती माणसं आली, कुठल्या स्टॉलवर किती बिलं, कितीला गर्दी सुरू झाली, बायका-पोरं किती. तीन महिन्यांनी मला शनिवार-रविवारचे आकडे पाठवू नका, ते चांगलेच असणार, मला सोमवार ते गुरुवारचे पाठवा. ते आठवड्यामागून आठवडा दोनशेच्या आसपास टिकले तर शेडला हात घाला, आठ स्टॉलनं सुरुवात करा, बाकीची जागा बंद ठेवा, रिकामे गाळे गिऱ्हाइकाला दिसू देऊ नका. शंभरच्या खाली राहिले तर आवारातलाच हिवाळी धंदा दरवर्षी करा, तो पण वाईट नाहीये, आणि शेड कोल्ड स्टोरेज किंवा केळी पिकवायच्या रायपनिंग चेंबरवाल्याला भाड्यानं द्या.

शेडचा नकाशा पाठवा, त्यावर गटार कुठल्या बाजूला उतरतं, महावितरणची डीपी कुठे आहे आणि वारा कुठून येतो एवढं पेननं काढा, मग भरीताची भट्टी आणि गॅस बँक कुठे ठेवायची ते सांगतो.